चाळणीबाईंचा सापळा

प्रयोगशाळेत सगळे त्यांना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठ वळली की चाळणीबाई. कुणी कसलाही निष्कर्ष घेऊन आला की बाई तो आधी चाळून बघत, आणि बहुतेक वेळा चाळणीत खडेच उरत. हे नाव बाईंना ठाऊक होतं. मनातून ते आवडायचंही, पण आवडतं हे कुणाला कळलं तर नावातली जरब जाईल, असा त्यांना संशय होता.

संशय त्यांच्या अंगातच होता. भाजीवाल्याने तागडी उचलली की बाई भाजीकडे न बघता त्याच्या अंगठ्याकडे बघत. एका घड्याळाची वेळ दुसऱ्या घड्याळावर पडताळून बघत, आणि दोन्ही जुळली तर दोन्ही चुकली असतील म्हणून तिसरं शोधत. लग्न ठरता ठरता मोडलं, ते मुलगा फारच चांगला वाटला म्हणून. "इतका चांगला माणूस असतो होय कुठे? नक्की काहीतरी पाणी मुरतंय," असं म्हणून त्यांनी नकार कळवला. तो बिचारा पुढे दुसरीकडे सुखाने नांदला. घरच्यांनी कपाळावर हात मारून घेतला, पण हाच दुर्गुण संशोधनात गुण ठरला.

बाई तरुणपणी स्तनाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागल्या आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिल्या. त्यांची सगळी हयात एका प्रथिनाभोवती गेली. गाठीचा केसाहून पातळ काप काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर एक खास रंग टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. प्रथिन असेल तर पेशी तपकिरी दिसतात, नसेल तर फिक्या निळ्या. ज्या बायकांच्या गाठी गडद तपकिरी दिसतात त्यांचा आजार पुन्हा उलटतो आणि फिक्या गाठींच्या बायका बहुतेक तरून जातात, हे बाईंनी दाखवून दिलं. अशा खुणेला मार्कर म्हणतात. बाईंचा मार्कर हळूहळू परिषदांत गेला, व्याख्यानांत गेला, आणि शेवटी परीक्षेच्या प्रश्नातही गेला. एवढ्या वर्षांत बाईंनी ज्याच्यावर पूर्ण विश्वास टाकला अशी तीच एक गोष्ट.

या कामात त्यांचा एक नियम होता. तुकडा शरीराबाहेर आला की तो फॉर्मलिनमध्ये, म्हणजे उग्र वासाच्या एका द्रावणात बुडवावा लागतो. मग पेशी आहेत तशाच थबकतात. एरवी हे काम ऑपरेशनच्या खोलीतच उरकतात. बाईंचा त्या खोलीतल्या फॉर्मलिनवर भरवसा नव्हता. ते कोण बनवतं, किती पाणी घालतं, बरणीचं झाकण कोण उघडं टाकतं, कुणी बघितलंय? म्हणून त्यांच्या कामाचा तुकडा ओल्या जाळीत गुंडाळून त्यांच्याकडे यायचा, आणि त्यांच्याच बरणीत, त्यांच्या डोळ्यांदेखत बुडायचा. शल्यविशारद चिडले, नर्सबायकांनी नाकं मुरडली. "फॉर्मलिन आम्ही पितो असं वाटतं का तुम्हाला?" असं एका डॉक्टरांनी विचारलं. बाईंनी ती शक्यताही नाकारली नाही. नियम मात्र टिकला.

पुढे या मार्करच्या आधारावर एक नवा उपचार निघाला. एका विषाणूची रोग देण्याची ताकद काढून घ्यायची, त्याच्या पाठीवर एक जनुक लादायचं आणि त्याला गाठीत सोडायचं. बाईंचं प्रथिन असेल तिथेच ते जनुक जागं होऊन पेशीला मारणार, नसेल तिथे झोपून राहणार. या जनुकोपचाराची चाचणी सुरू झाली तेव्हा तीत गडद तपकिरी गाठींच्याच बायका घ्यायच्या ठरल्या. आणखी एक अट होती. इंजेक्शनांचा फेरा संपेपर्यंत नेहमीचं औषध थांबवायचं. जिच्या गाठीत प्रथिन असेल तिला हे परवडणारं होतं; जिच्यात नसेल तिचं इंजेक्शनही वाया आणि मोलाचा वेळही वाया. पण मार्कर चुकायचा प्रश्नच नव्हता. "तो चाळणीतून आलाय," असं विभागाचे प्रमुख, मोठे सर, भाषणात सांगत आणि लोक हसत. बाईसुद्धा हसत, जरा मानेनेच.

आणि मग बाईंच्या ताईच्या छातीत गाठ निघाली.

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण, स्वभावाने दुसरं टोक. भाजीवाल्याने नासके बटाटे घातले तरी "त्याच्या लक्षात नसेल आलं गं" म्हणणारी. आई गेल्यावर बाईंच्या वेण्या तिने घातल्या, ताप आला की उशाशी ती बसली. निदान ऐकून बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ताई म्हणाली, "बरं झालं बायो, तुझ्याच खात्यातला आजार झाला. दुसरा असता तर ओळखी कुठे काढत बसलो असतो?"

ताईच्या गाठीचा तुकडा सुईने काढला. तो शिपायाच्या हाती द्यायला बाईंचं मन धजेना, म्हणून त्यांनी स्वतः नेला. वाटेत दोनदा थांबून चिठ्ठीवरचं नाव वाचलं. लिफ्ट अडकेल म्हणून जिना चढल्या. प्रयोगशाळेत पोचल्यावर बरणीतलं फॉर्मलिन शिळं तर नाही ना, या शंकेने ते ओतून दिलं आणि नवीन बनवायला बसल्या. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी तुकडा बुडवला. कुणी बोट दाखवू नये म्हणून काचपट्टी बघायचं काम टापटीपरावांकडे दिलं.

टापटीपराव हे बाईंचे सहकारी. त्यांच्या शर्टाला कधी सुरकुती नसायची आणि आकड्यांनाही नसायची. बाईंना दुसऱ्या गोष्टीचा जास्त त्रास होई. दोन दिवसांनी ते हसत आले. "अभिनंदन मॅडम! ताई चाचणीत बसल्या. काय गडद रंग आलाय!"

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. ताईची गाठ लहान होती. पेशी दिसायला शांत होत्या. अशी गाठ गडद कशी? आणि अभिनंदन कसलं? वरिष्ठ बाईंची बहीण चाचणीत बसवली तर बाई खूश होतील, असा तर हिशेब नव्हता ना? ताईचं पहिलं इंजेक्शन पुढच्या आठवड्यात होतं. टापटीपरावांनी जर आपल्याला लोणी लावायला फिक्याचं गडद केलं असेल, तर ताईचं खरं औषध त्या लोण्यापायी थांबणार होतं.

त्या दिवसापासून बाईंनी टापटीपरावांवर पाळत ठेवली. आणि पाळत ठेवली की संशयाला खाद्य कधी कमी पडत नाही. टापटीपराव बाई आल्या की टेबलाचा खण पटकन बंद करायचे. फोन आला की बोलायला जिन्यात जायचे. एकदा बाई पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने जिन्याच्या दारामागे उभ्या राहिल्या, तर "नाही, अजून मॅडमना काही कळलेलं नाही," एवढंच ऐकू आलं. बाईंना आणखी काय हवं होतं? त्यांनी बाटली इतकी भरली की पाणी चपलेत गेलं.

त्यांनी सापळा लावायचं ठरवलं. असल्या कामात संशय आला तर एक जुनी युक्ती वापरतात. एकाच गाठीचे दोन तुकडे करायचे आणि दोन वेगळ्या बायकांचे म्हणून द्यायचे. खरं बघणारा माणूस दोन्हींना एकच उत्तर देतो, मनाने लिहिणारा सापडतो.

संशोधनासाठी दिलेली एक ताजी गाठ आली. टापटीपराव जेवायला गेल्याचं बघून बाईंनी तिचा तुकडा मधोमध कापला. पहिला अर्धा लगेच बरणीत टाकला. दुसरा ओल्या जाळीत घेऊन त्या आपल्या खोलीत गेल्या, कारण त्याच्यासाठी खोटी चिठ्ठी बनवायची होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती डाव्या हाताने लिहायची होती. जेमतेम अर्धी चिठ्ठी झाली तोच दारावर टकटक झाली. मोठे सर! बाईंनी तुकडा खणात सारला. सर टेकले ते टेकलेच. चाचणी, परदेशचे पाहुणे, सुनेचं बाळंतपण, गुडघा, सगळं झालं. चहा आला. चहावर दुसरा चहा आला. बाई खणावर कोपर टेकून "हो का", "अरे वा" करत राहिल्या. सर गेल्यावर त्यांनी चिठ्ठी पुरी केली आणि दुसरा तुकडाही बरणीत टाकला.

उत्तर आलं. एक तुकडा फिका, दुसरा गडद तपकिरी.

सापडला! बाईंना इतका आनंद झाला की त्यांना स्वतःचीच जरा लाज वाटली. दोन्ही काचपट्ट्या घेऊन त्या टापटीपरावांच्या टेबलापाशी गेल्या.

"ह्या दोन बायका नाहीत. ही एकच गाठ आहे. मीच कापलीय. आता बोला."

टापटीपरावांचा चेहरा पडला, पण चोराचा पडतो तसा नाही. "तुम्ही मला परीक्षेला बसवलंत मॅडम?"

"आणि तुम्ही नापास झालात."

"मग तुम्हीच बघा ना," असं म्हणून ते सूक्ष्मदर्शकापुढून उठले.

बाईंनी बघितलं. एक फिकी होती. दुसरी गडद होती, लपवायला जागा नव्हती. रंग चढवताना काही केलं असेल, म्हणून उरलेल्या भागाचे नवे काप घेतले आणि स्वतःच्या हाताने रंग चढवला. पुन्हा तेच. टापटीपराव शेजारी हाताची घडी घालून उभे होते. "गाठ नक्की एकच होती ना?" त्यांनी विचारलं.

"मी कापलीय म्हटलं ना!"

"मग दोन तुकड्यांत फरक काय होता?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "एक लगेच बरणीत टाकला. दुसरा सर आले म्हणून खणात..."

बाई स्टुलावर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्टूल डगमगतंय का ते न बघता बसकण मारली.

पुढची गाठ आली तेव्हा दोघांनी मिळून तिचे काही तुकडे केले. एक लगेच बुडवला, बाकीचे ओल्या जाळीत ठेवून थोड्या थोड्या वेळाने. काचपट्ट्या ओळीने मांडल्या तर पहिली फिकी होती, पुढची जराशी मळलेली, आणि शेवटची काळ्या चहाच्या रंगाची. रक्त तुटलेला तुकडा जितका ताटकळेल तितकं त्याच्यात ते प्रथिन तयार होत होतं. बाईंनी मागची सगळी वर्षं या हिशेबात घालून बघितली. मोठ्या, वाईट गाठींची ऑपरेशनं लांबतात, तुकडा ट्रेमध्ये पडून राहतो. लहान गाठ झटकन निघते, तुकडा झटकन पोचतो. गडद गाठींचा आजार उलटायचा तो गाठी मोठ्या होत्या म्हणून. रंग आजाराबद्दल काही सांगतच नव्हता. तुकड्याला किती वाट बघावी लागली तेवढंच सांगत होता. आणि वाट कुणी बघायला लावली होती? ऑपरेशनच्या खोलीत फॉर्मलिनची बरणी तयार असायची. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि तो वळसा बाईंनी घालायला लावला होता.

चाचणीतल्या बायकांचे तुकडे शिपाई सगळी तपासणी उरकल्यावर एकदमच आणायचा. ताईचा तुकडा त्यांनी स्वतः आणला होता. जिन्याने. नाव वाचत वाचत.

"माझा तुमच्यावर संशय होता," बाई टापटीपरावांना म्हणाल्या. "जिन्यातला फोन मी ऐकला."

"दुसरीकडे नोकरी बघतोय मॅडम. अर्ज त्या खणात आहे." ते काचपट्ट्यांकडेच बघत होते. "माणूस रोज संशयाखाली किती दिवस काम करणार?"

बाई काचपट्ट्या उचलून मोठ्या सरांच्या खोलीकडे निघाल्या.

मोठ्या सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त अडचणीत सापडलेले माणूस होते. "ताईंना काढून घ्या, आज, काहीही कारण सांगून," ते म्हणाले. "बाकीच्यांचं म्हणाल तर नीट तपासू. दोन गाठींवरून कसं बोलायचं? तुम्हीच ना नेहमी म्हणता, पुन्हा तपासा?"

बाईंना ते पटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. जन्मभर दुसऱ्यांच्या कामावर घेतलेली शंका आज पहिल्यांदा त्यांना स्वतःसाठी पांघरूण म्हणून मिळत होती, आणि ते चांगलं उबदार होतं.

संध्याकाळी त्या ताईकडे गेल्या. सकाळी पहिलं इंजेक्शन होतं. ताई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, आणि ताईचे यजमान, म्हणजे भावोजी, दवाखान्याच्या पिशवीत तिसऱ्यांदा टॉवेल भरत होते. बाईंनी सगळं सांगितलं. तुकडा, खण, रंग, जिना. "तुझ्या गाठीत ते प्रथिन बहुतेक नाहीच. उद्या इंजेक्शन घ्यायचं नाही. नेहमीचं औषध लगेच सुरू करायचं. मी डॉक्टरांशी बोललेय."

भावोजींनी पिशवी खाली ठेवली. "म्हणजे इतके दिवस तुम्ही जे सांगत होता ते..."

"चूक होतं भावोजी."

ताईने सुरी ठेवली. रागावेल, रडेल, निदान विचारेल तरी की हे तरी खरं कशावरून, अशी बाईंची अपेक्षा होती. ताईने विचारलं, "आणि त्या बाकीच्या? तपासणीच्या दिवशी माझ्याबरोबर बाकावर बसलेल्या? त्यातल्या दोघींची तर इंजेक्शनं चालू आहेत म्हणे. एकीने मला स्वतःची शाल दिली होती, थंडी वाजत होती म्हणून."

"त्यांना सांगायचंय. पण आधी खात्री करायला हवी. अजून गाठी तपासायला हव्यात. घाईने बोलून उपयोग नाही ताई, दोन-तीन महिने तरी लागतील."

"तोवर त्यांचं औषध बंदच?"

बाईंनी बटाट्याची सालं गोळा करायला घेतली.

"बायो, मला तुझ्या शास्त्रातलं काही कळत नाही," ताई म्हणाली. "पण मला घरी येऊन सांगण्याइतकी तुझी खात्री झालीय. मग त्यांना सांगायलाच ती कशी पुरत नाही?"

आवाज चढलेला नव्हता. लहानपणी बाईंनी कुणाचा खडू लपवला की ताई याच आवाजात विचारायची. हुशार हुशार परीक्षकांनी आयुष्यभर त्यांना शेकडो प्रश्न विचारले होते, पण असा प्रश्न बटाटे सोलणाऱ्या बहिणीनेच विचारला. खात्री नाही, हे खोटं होतं. त्यांना खात्री होती. त्यांना लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि त्यांनी त्याला शंकेचं नाव दिलं होतं.

त्यांनी तिथेच, ओट्याशी उभं राहून, मोठ्या सरांना फोन लावला. "उद्या कुणालाच इंजेक्शन नाही. मी सगळ्यांना बोलावतेय. नाही सर, विचारत नाहीये. सांगतेय." पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि शेवटी पुन्हा तेच वाक्य म्हटलं.

सकाळी चाचणीतल्या सगळ्या बायका दवाखान्याच्या त्याच बाकांवर येऊन बसल्या. बाई समोर उभ्या राहिल्या. टापटीपराव भिंतीशी उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, ते आपणहून आले होते. बाईंनी अवघड शब्द टाळून सांगितलं. खूण चुकली, चूक माझी आहे, सगळ्यांचे नवे तुकडे घेऊन पुन्हा तपासू, पण त्यासाठी थांबायचं नाही, नेहमीचं औषध आजच सुरू होईल. ज्यांनी इंजेक्शनं घेतलीत त्यांचा वेळ गेलाय, आणि तो मला परत देता येणार नाही.

एक बाई मोठ्याने रडायला लागली. एकीचा नवरा उठून बाईंच्या अंगावर ओरडला. त्यांनी ऐकून घेतलं. शालवाली बाई कोपऱ्यात होती. तिची इंजेक्शनं सगळ्यांत आधी सुरू झाली होती. तिने ओरडा ओसरू दिला आणि मग विचारलं, "तुम्हाला हे कळलं कसं?"

"माझी बहीण चाचणीत आली. मला तिच्या गाठीचा संशय आला, म्हणून मी तपासलं."

"म्हणजे तुमची बहीण आली नसती तर?"

मोठे सर पुढे झाले, घसा खाकरला, "हे पहा, तसं नाही..." बाईंनी हात करून त्यांना थांबवलं. इतकी वर्षं जगाला तराजूत घालणाऱ्या बाईंना त्या क्षणी स्वतःचं माप अगदी नीट दिसलं.

"तर नसतं कळलं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी मी तपासलं नव्हतं."

शालवाली बाई त्यांच्याकडे बघत राहिली. दोष द्यायचा तर तिला पुरता हक्क होता, आणि बाई तो घ्यायला तयार उभ्या होत्या. तिने शेजारच्या रिकाम्या जागेवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा इथे," ती म्हणाली. "आता मी तुमची बहीण आहे असं समजा, आणि सांगा मला, मी काय करू?"

बाई तिच्याजवळ बसल्या. त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.